भांडणं पावसाआधी उरकून घ्या

लोणावळ्यात बांधकाम करणाऱ्याचं वर्ष दिवाळीनंतर सुरू होतं आणि मृगाला संपतं. हातात मधले सहा-सात महिने. तेवढ्यात पाया खणायचा, स्लॅब टाकायचे, बाहेरच्या भिंती आणि गिलावा उरकायचा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून वर पाणी साठवून गळती तपासायची. एकदा जून लागला की घाटमाथ्यावरचा पाऊस कुणाचं ऐकत नाही. पुणे शहरात वर्षाकाठी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो, इथे चार हजारांच्या आसपास. शिवाय तो सरळ पडत नाही. वारा त्याला आडवा मारतो आणि झड खिडकीच्या चौकटीतून, न गिलावलेल्या विटांतून, पाइपाभोवतीच्या फटीतून आत शिरते. म्हणून इथल्या जुन्या बंगल्यांच्या पश्चिमेच्या भिंतींना पावसाळ्यात पत्रे ठोकलेले दिसतात.

मी स्थापत्य अभियंता आहे. राहते तळेगाव दाभाड्यात आणि काम करते कामशेत-लोणावळा पट्ट्यात. हॉटेलं, शाळेची इमारत, मधूनच एखादं रुग्णालय. माझं काम बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंगचं, आमच्या भाषेत बीआयएमचं. घरी येणारे नातेवाईक विचारतात, म्हणजे तू कॉम्प्युटरवर इमारतीची थ्रीडी चित्रं काढतेस का? चित्र दिसतं हे खरं, पण माझं काम मुख्यतः भांडणं लावण्याचं आहे. साइटवर पावसात होणारी भांडणं फेब्रुवारीत टेबलावर व्हावीत, यासाठी मला पगार मिळतो.

हॉटेलच्या एका मजल्यावरची मार्गिका घ्या. एका मजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत उंची ३६०० मिलिमीटर. आरसीसी कन्सल्टंटने मार्गिकेवर आडवा बीम दिलाय, स्लॅबसकट ७५० खोलीचा. खाली राहिले २८५०. फरशी आणि तिच्याखालचा मसाला ७५ खाणार, म्हणजे २७७५. वास्तुविशारदाने फॉल्स सीलिंग दाखवलंय २४०० वर. बीमची खालची बाजू आणि सीलिंग यांच्यात उरले ३७५, त्यातून सीलिंगची चौकट आणि पाटी वजा केली की जेमतेम सव्वातीनशे. आता एसीवाला येतो. त्याचा डक्ट २५० चा, दोन्ही बाजूंना उष्णतारोधक आवरण धरून ३००. म्हणजे तो बसला. मग प्लंबर येतो. खोल्यांच्या बाथरूमची ११० मिलिमीटरची ड्रेन लाइन त्याला त्याच मार्गिकेतून बारा मीटर न्यायची आहे. तिला शंभरास एक उतार हवा, म्हणजे बारा मीटरमध्ये ती १२० मिलिमीटर खाली उतरणार. पाइप आणि उतार मिळून २३०. डक्टचे ३०० आणि हे २३०, जागा सव्वातीनशे.

यात चुकलेलं कोणीच नाही. वास्तुविशारदाचा नकाशा बरोबर, आरसीसीचा बरोबर, एसीचा आणि प्लंबिंगचाही बरोबर. प्रत्येकाने आपापल्या कागदावर दुसऱ्याची जागा मोकळी धरलेली असते. चारही कागद एकावर एक ठेवून पाहायचं काम कोणाचंच नसतं. मग स्लॅब पडतो, सेंट्रिंग निघतं, प्लंबर शिडी लावून वर बघतो आणि बोलावणं जातं कोअर कटिंगवाल्याला. तो बीममध्ये भोक पाडतो, त्यात कधी सळई कापली जाते. कधी पाइपाचा उतारच मारला जातो आणि पहिल्याच हंगामात तुंबून घाण पाणी खालच्या खोलीच्या सीलिंगवर उतरतं. एका इमारतीत मी हे जुलैत पाहिलं आहे. बाहेर धो-धो पाऊस, आत सीलिंग उघडलेलं, आणि गळतंय ते छतातून की ड्रेन लाइनमधून हेच तीन दिवस कुणाला सांगता येईना.

हीच मार्गिका मॉडेलमध्ये उभी केली की डक्ट आणि पाइप एकमेकांत घुसलेले लाल रंगात दिसतात. याला आम्ही क्लॅश म्हणतो. सगळे विषय एकत्र करून यंत्राकडून असे क्लॅश शोधून घ्यायचे आणि दर आठवड्याच्या बैठकीत एकेक मिटवायचा. वरच्या उदाहरणात दोन वाटा होत्या. एक, बीम ओतण्यापूर्वीच त्यात पाइपासाठी स्लीव्ह सोडायची. पण ती कुठेही सोडता येत नाही, आरसीसी कन्सल्टंट म्हणेल त्याच जागी आणि त्याच उंचीवर. दुसरी, बाथरूममागे एक उभी शाफ्ट वाढवून ड्रेन लाइन मार्गिकेत आणायचीच नाही. दुसरी वाट निवडली तर प्रत्येक मजल्यावर एका खोलीतलं कपाट लहान होतं. हॉटेलच्या मालकांना ते आवडत नाही, पण कपाट फेब्रुवारीत लहान झालं तर काही बिघडत नाही.

हे सगळं जमतं कारण मॉडेलमध्ये रेषा नसतात, वस्तू असतात. जुन्या कॅड नकाशात दार म्हणजे दोन रेषा आणि एक कमान. बीआयएममध्ये दार हे दार असतं. त्याची रुंदी, लाकूड की अग्निरोधक, कुठल्या भिंतीत, कुठल्या मजल्यावर, बिजागऱ्या किती, कोणत्या दराने घेतलं, हे सगळं त्याच्यापाशी. भिंत सरकवली की दार तिच्याबरोबर सरकतं, प्लॅनमध्ये, सेक्शनमध्ये आणि दारांच्या यादीतही. जमिनीला जसा सातबारा, तशी इमारतीला ही नोंद. कल्पना नवी नाही. चार्ल्स ईस्टमन या अमेरिकी अभ्यासकाने १९७० च्या दशकातच अशी संगणकी नोंद मांडली होती. पुढे हंगेरीत ‘आर्किकॅड’ आणि २००० साली अमेरिकेत ‘रेव्हिट’ आलं, तेव्हा ती वास्तुविशारदांच्या टेबलावर पोहोचली. ब्रिटनने २०१६ पासून केंद्र सरकारच्या बांधकामांना ही पद्धत सक्तीची केली, आणि माहिती कशी ठेवायची, कुणी कुणाला द्यायची याचं आयएसओ १९६५० हे आंतरराष्ट्रीय मानक २०१८ मध्ये आलं.

आपल्याकडे या पद्धतीचा मोठा सराव झाला तो मेट्रोत. महामेट्रोने नागपूरच्या कामात पाच मितींचं बीआयएम वापरलं. लांबी-रुंदी-उंची या तीन मिती, चौथी वेळ, पाचवी खर्च. मॉडेलमधल्या प्रत्येक भागाला वेळापत्रक जोडलेलं आणि तेच पुढे हिशेबाच्या प्रणालीशी जोडलेलं. म्हणजे एखादा खांब किंवा गर्डर उभा राहिला की काम किती झालं आणि पैसे किती लागले हे एकाच ठिकाणी दिसावं. देशातल्या मेट्रोंमध्ये हे पहिल्यांदा आपण केलं, असं महामेट्रो सांगते. नागपूरची मेट्रो मार्च २०१९ मध्ये धावू लागली. तीच पद्धत पुण्यात आली, आणि ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी-चिंचवड व वनाज इथून पहिल्या गाड्या सुटल्या. पुण्यात कोणाला प्रत्यक्ष पाहायचं असेल तर त्यांनी जिल्हा न्यायालय (पूर्वीचं सिव्हिल कोर्ट) स्थानकात उतरावं. एक मार्गिका रस्त्याच्या वर पुलावरून जाते, दुसरी सुमारे ३३ मीटर खोल भुयारातून. मध्ये सरकते जिने, लिफ्ट, हवा खेळवणारे डक्ट, आगीच्या पाण्याच्या लाइन, विजेच्या केबलचे ट्रे, आणि या सगळ्यांच्या भोवती नदीकाठची जमीन. तिथे चार कागद एकावर एक ठेवून भागणार नाही.

आमच्या घाटात मात्र कागदावरच फार मोठी कामं झाली आहेत. बोर घाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली, २५ बोगद्यांसह, आणि हजारो मजुरांनी त्यापायी जीव गमावला. आता मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची मिसिंग लिंक पाहा, घाटातली वळणं टाळणारा खोपोली ते कुसगाव असा १३.३ किलोमीटरचा रस्ता. दोन बोगदे, त्यातला मोठा जवळजवळ नऊ किलोमीटरचा आणि लोणावळ्याच्या तलावाखालून जाणारा. दोन बोगद्यांमधल्या दरीवर केबलवर तोललेला पूल. बोगदे एका कंत्राटदाराकडे, पूल दुसऱ्याकडे. एकाने खोदलेल्या बोगद्याच्या तोंडाशी दुसऱ्याच्या पुलाची पातळी आणि दिशा तंतोतंत मिळाली पाहिजे. आमच्या चार मजली हॉटेलची अडचण मोठ्या प्रमाणावर पाहायची असेल तर ती तिथे आहे.

आमच्या पट्ट्यात मॉडेलचं काम नकाशाच्या आधी जमिनीपासून सुरू करावं लागतं. मावळात सपाट प्लॉट मिळत नाही. तुंगार्लीकडे किंवा पवनेच्या बाजूला तीस गुंठ्यांचा तुकडा घ्या, वरच्या आणि खालच्या कडेत दोन-दोन मजल्यांचा फरक निघतो. वर हातभर मुरूम, खाली काळा पाषाण, आणि तो कुठे वर येतो, कुठे खाली जातो याचा नेम नाही. ड्रोनने मोजणी करून जमिनीचा पृष्ठभाग मॉडेलमध्ये घेतला, चाचणीच्या बोअरमध्ये दगड किती खोलीवर लागला ते त्यात मांडलं, की इमारत दोन मीटर वर सरकवली तर किती घनमीटर दगड फोडायचा वाचतो ते समोर येतं. मुरूम जेसीबीने निघतो, दगडाला ब्रेकर लागतो, आणि दोन्हींच्या दरात जमीन-अस्मानाचा फरक. शिवाय डोंगरउतारावर पावसाळ्यात कुठून पाणी उतरतं हे उन्हाळ्यात दिसत नाही. उतारांचा पृष्ठभाग हातात असला की ओहोळाची वाट कळते. ती वाट भिंत घालून अडवायची नसते. त्या ठिकाणी खालून नळ टाकून पाणी काढून द्यायचं असतं. हे मावळातल्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत आहे, पण बाहेरून आलेल्या वास्तुविशारदाला मॉडेलवर दाखवावं लागतं.

मला स्वतःला सगळ्यात मोलाची वाटते ती चौथी मिती. मुंबईतल्या माझ्या मैत्रिणी ती सादरीकरणात वापरतात. इमारत मजल्या-मजल्याने वाढताना पडद्यावर छान दिसते आणि मालक खूश होतो. आम्ही ती एकाच प्रश्नासाठी वापरतो: ३१ मे रोजी ही इमारत कशी असेल? वेळापत्रक मॉडेलला जोडायचं आणि ती तारीख टाकायची. मग दिसतं की तिसऱ्या मजल्याची पश्चिमेची भिंत उभी आहे पण बाहेरून गिलावा नाही, लिफ्टचा खड्डा उघडा आहे, गच्चीचा स्लॅब पडलाय पण पाण्याच्या टाकीचं काम राहिलंय म्हणून वॉटरप्रूफिंग करता येत नाही. हे डिसेंबरात कळलं तर क्रम बदलता येतो. टाकी आधी घ्या, पूर्वेकडची बाजू मागे ठेवा, पश्चिमेची पुढे आणा, लिफ्टच्या खड्ड्याच्या भिंतींना पाणी रोखणारा थर आत्ताच द्या. एप्रिलअखेरीला कळलं तर ताडपत्री आणि पंप एवढंच हातात राहतं. वेळापत्रकाचा तक्ताही हेच सांगतो, हे मान्य. पण शंभर ओळींच्या तक्त्यात पश्चिमेची भिंत कुणाला दिसत नाही. पडद्यावर उघड्या विटांची भिंत दिसली की सेंट्रिंगवाल्यापासून मालकापर्यंत सगळे तिच्याकडेच बोट दाखवतात.

पाचव्या मितीबद्दल थोडक्यात. मॉडेलमधून काँक्रीट, विटा, फरशी यांचं परिमाण निघतं, आणि बीओक्यूशी, म्हणजे करारातल्या परिमाणांच्या यादीशी, ते पडताळता येतं. रनिंग बिलाच्या वेळी किती काम झालं यावरून जी ओढाताण होते ती कमी होते. मात्र सळईचं मोजमाप मॉडेलवरून काढायचं तर सळई खरोखर मॉडेलमध्ये टाकावी लागते. बरेच जण ती न टाकताच ठोकताळ्याने टनभार सांगतात, तेव्हा असा आकडा आला तर तो कशावरून काढला हे विचारून घ्यावं.

आता जिथे ही पद्धत आमच्याकडे फसते तिथे येते. मॉडेल शहरातल्या कार्यालयात बनतं आणि तिथेच राहतं. साइटवर पोहोचतो तो छापील कागद, आणि अनेकदा तोही मागच्या आवृत्तीचा. बार बेंडर त्यावरून सळई वाकवतो, कारण त्याच्या हातात तेवढंच आहे. याला उपाय आयएसओ १९६५० मानकातच दिलेला आहे. सगळ्यांची कागदपत्रं एकाच सामायिक ठिकाणी ठेवायची आणि प्रत्येकावर स्पष्ट शिक्का हवा. हे अजून तयार होतंय, हे इतरांना पाहायला दिलंय, हे बांधायला मंजूर, हे जुनं झालं. मंजूर शिक्का नसलेल्या कागदावर एक सळईही वाकवायची नाही. आमच्या साइटच्या कंटेनरमध्ये भिंतीवर एक क्यूआर कोड चिकटवलाय. फोनने तो टिपला की मंजूर झालेली शेवटचीच आवृत्ती उघडते. आधी सगळे कुरकुरले, आता सेंट्रिंगचे मिस्त्री स्वतः नवीन पोरांना तो दाखवतात.

दुसरी गोष्ट याहून मोठी. मॉडेलला जे कळत नाही ते साइटवरच्या माणसांना कळतं, आणि त्यांना बैठकीत बसवल्याशिवाय मॉडेल खरं होत नाही. आमच्या पंप रूमचं मॉडेल झालं तेव्हा क्लॅश एकही नव्हता. पाइप भिंतीपासून ऐंशी मिलिमीटर दूर, कुठेही काही कशाला लागत नव्हतं. मी ते मोठ्या पडद्यावर लावलं आणि आमच्या प्लंबिंगच्या फोरमन मामांना बोलावलं. वयाने साठीच्या जवळ, गाव नाणे मावळातलं, शिक्षण सातवी. त्यांनी पडद्याजवळ येऊन बराच वेळ पाहिलं.

“ताई, हा व्हॉल्व्ह इथे बसंल. पण उद्या गळला तर काढायचा कसा?”

“का, मामा? जागा आहे की.”

“पाइपाला जागा हाय. पान्याला नाय. पाना फिरवायला एवढं तरी पायजे.” त्यांनी हात पसरून दाखवलं.

त्या दिवसापासून आमच्या मॉडेलमध्ये प्रत्येक व्हॉल्व्ह, पंप आणि फिल्टरभोवती एक अदृश्य पेटी असते: माणसाचा हात, पाना आणि डोळा पोहोचायला लागणारी जागा. त्या पेटीत दुसरं काही आलं तर तोही क्लॅश धरायचा. पुस्तकात याला सॉफ्ट क्लॅश म्हणतात आणि मला तो कॉलेजात शिकवलाही होता. पण पेटी केवढी करायची हे मामांनी सांगितलं. बैठकीला फोरमन, सेंट्रिंगचा मिस्त्री आणि पुढे इमारत सांभाळणारा माणूस नसेल तर ती बैठक मी अर्धवट समजते.

खर्चाची तक्रार ऐकू येते आणि ती खोटी नाही. मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरचं वार्षिक भाडं छोट्या कंत्राटदाराला परवडत नाही. पण मॉडेल बनवणं वेगळं आणि पाहणं वेगळं. आयएफसी नावाचा खुला फाइल प्रकार आहे. कुठल्याही सॉफ्टवेअरमधलं मॉडेल त्यात काढून देता येतं आणि ते पाहायची साधनं फुकट मिळतात, फोनवरही. मालकाने करारातच आयएफसी फाइल मागितली तर तो एका कंपनीच्या सॉफ्टवेअरला बांधलाही जात नाही. दोन खोल्यांच्या घराला हा खटाटोप करू नये, असं मी स्पष्ट सांगते. तिथे चांगला गवंडी आणि नीट काढलेला नकाशा पुरतो. पण जिथे लिफ्ट, मध्यवर्ती एसी, आगीची यंत्रणा आणि उताराची जमीन एकत्र येतात, तिथे मॉडेलवर खर्च न करणं मला महागात पडणारी काटकसर वाटते.

इमारतीचं सगळ्यात मोठं आयुष्य ती पूर्ण झाल्यावर सुरू होतं, आणि नेमकं तिथेच आपण हात आखडता घेतो. चाव्या दिल्या, पैसे मिळाले, मॉडेल कुठल्या तरी हार्ड डिस्कवर पडून राहिलं. पाच वर्षांनी एखाद्या खोलीत ओल येते तेव्हा कोणता पाइप कुठून गेलाय, तो बंद करायचा व्हॉल्व्ह कुठे आहे, वॉटरप्रूफिंग कोणत्या मालाचं आणि हमी कधीपर्यंत, हे सांगणारं कोणी नसतं. मग अंदाजाने फरशी फोडायची. प्रश्न फक्त इमारतींचा नाही. आमच्या मावळ तालुक्यात १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार माणसं गेली. कोणताही पूल किती माणसं पेलू शकतो, त्याची तपासणी शेवटची कधी झाली, कुठे गंज होता, हे त्यावर उभ्या राहिलेल्या पर्यटकाला दिसत नाही. ते त्या पुलाच्या नोंदीत असायला हवं, आणि ती नोंद सांभाळणारा कोणीतरी हवा. घर असो, शाळा असो वा ओढ्यावरचा साकव, एखादं बांधकाम उभं आहे म्हणजे त्याची माहितीही कुणापाशी उभी असली पाहिजे.

म्हणून सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना, शाळा-रुग्णालयांच्या विश्वस्तांना आणि ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे. कामाच्या करारात तीन गोष्टी आधीच लिहून घ्या. प्रत्यक्षात जसं बांधलं तसं मॉडेल आयएफसी फाइलमध्ये मिळेल, त्यात प्रत्येक पंप, व्हॉल्व्ह, लिफ्ट आणि वॉटरप्रूफिंगची बनावट, बसवल्याची तारीख आणि हमी नोंदलेली असेल, आणि हे मिळेपर्यंत शेवटच्या बिलातली ठरावीक रक्कम राखून ठेवली जाईल. फाइल आली की ती उघडून बघा. आपल्या देखभालीच्या माणसाला शेजारी बसवा आणि त्याला एखादा व्हॉल्व्ह मॉडेलमध्ये शोधायला सांगा, मग तोच जागेवर जाऊन हाताने बंद करायला सांगा. तो सापडला आणि फिरला, तरच बिल पास करा.